खिंडीपर्यंतच

दोन्ही गाड्या दारात येऊन थांबल्या तेव्हा गल्लीतली कुत्री आणि पास्तोरा आत्या एकदमच बाहेर आली. कुत्री थोडं भुंकून गप्प बसली. आत्या कुठली गप्प बसायला!

"अगं बाई, लाल? लाल कुणी आणायला सांगितली? ही रस्त्यावर उभी केली तर एल आल्तोतल्या सगळ्या चोरांना लांबून दिसेल!"

"आत्या, अजून घेतलेली नाहीये. दोन्ही नुसत्या बघायला आणल्यात," रोमुलो म्हणाला.

रोमुलो तारकी म्हणजे घरातला थोरला. महापालिकेच्या कचेरीत नोकरी, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. गाड्यांच्या दुकानाचा मालक त्याच्या साहेबांचा मेहुणा निघाला, म्हणून तर दुकानाने शनिवारी सकाळी दोन गाड्या आणि त्यांच्यासोबत दोन माणसं दारात धाडली होती. रोमुलो त्यांच्या मधोमध असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, यानेच त्या स्वतःच्या हातांनी बनवल्यात.

फेलिसा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. नवरा होता, तो चिलीला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. आई गेल्यापासून सहा वर्षं ती खालच्या मजल्यावर बाबांजवळ राहत होती. वर रोमुलो आणि त्याची बायको निएवेस. घराला गाडी हवी ही टूम मूळ फेलिसाचीच, आणि गाडीतला अर्धा वाटाही तिचाच. उरलेला अर्धा बाबांच्या विकलेल्या मिनीबसचा. रोमुलोने घातला होता तो सल्ला, आणि तो त्याने भरभरून घातला होता.

तिच्या एप्रनच्या खिशात फोन होता, आणि फोनमध्ये कारानावीहून आलेला निरोप. 'सोमवारपर्यंत हो की नाही कळवा. स्वतःची गाडी असणं आवश्यक.' गेले नऊ दिवस ती तो निरोप स्वयंपाकघरात, संडासात, कारखान्याच्या जिन्यात उघडून वाचत होती. चौदा वर्षं ती इथे उंच पठारावर, एल आल्तोतल्या कॉफीच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करत आली. चमचाभर कॉफी जोरात ओढायची, जिभेवर फिरवायची, थुंकायची आणि सांगायचं, हे पोतं चांगलं, ते आंबलेलं. आणि आता खिंडीपलीकडे खाली, युंगासच्या उष्ण दऱ्यांतल्या कारानावीत, शेतकऱ्यांच्या संघाला स्वतःची चवखोली काढायची होती. गावोगाव फिरून कॉफी कशी वाळवायची, कशी ओळखायची हे शिकवायला त्यांना बाई हवी होती. तीच हवी होती. जावंसं तर इतकं वाटत होतं की रात्री झोप लागत नव्हती. पण बाबांना सोडून जायचं हे मनात आलं की ती फोन पुन्हा खिशात टाकायची. घरात तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

बाबा फाटकाजवळ उन्हात स्टुलावर बसले होते. कासिमिरो तारकी, वय बहात्तर. आधी बारा वर्षं युंगासच्या रस्त्यावर ट्रक चालवला, मग अठ्ठावीस वर्षं शहरात मिनीबस. आता एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने जेमतेम. परवाना काही परत मिळाला नाही. ऑगस्टमध्ये मिनीबस विकली, ड्रायव्हरांच्या संघटनेतली जागाही विकली, आणि तेव्हापासून ते या स्टुलावर बसून कोकाची पानं चघळत होते. गाड्यांबद्दल त्यांना अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"तर ऐका," रोमुलोने हात चोळले. "ही लाल. इंजिन लहान, पण टर्बो. आतला पडदा केवढा बघा! मागे घेताना मागचं सगळं पडद्यावर दिसतं. वर काचेचं छत."

"आकाश दिसतं," निएवेस हळूच म्हणाली. ती आधीच आत बसून सीट मागेपुढे करत होती.

"आकाश गच्चीवरून फुकट दिसतं," आत्या म्हणाली.

"आणि ही राखाडी. इंजिन मोठं, पण साधं. टर्बो नाही. पडदा एवढासा. आत सगळी बटणं, आपल्या जुन्या रेडिओला होती तशी. छताला साधा पत्रा." रोमुलोने राखाडीच्या बॉनेटवर दोन बोटांनी टकटक केली. "म्हणजे बघायलाच हवी असं नाही. पण फेलिसा म्हणाली, दोन बघू."

आत्याचं बघणं वेगळं होतं. ती बाजारात चुन्योचा, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचा, धंदा करायची आणि आठवड्यातून दोनदा टॅक्सीवाल्यांशी भांडायची. ती घरात गेली आणि दोन भरलेली पोती फरफटत घेऊन आली. लालच्या डिकीत एक गेलं, दुसऱ्याला जागा उरली नाही. राखाडीत दोन्ही गेली, आणि वर तिची टोपीसुद्धा मावली.

"झालं. माझं मत राखाडीला."

"आत्या, गाडी काय चुन्यो वाहायला घ्यायची?"

"मग काय तुझ्या साहेबाला मिरवायला?"

रोमुलो हसला, पण त्याचे कान लाल झाले. आत्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. गाडी आली की तिला पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, लागतो. पाळण्यातल्या बाळाला लागतो तसाच. तो फुलांच्या माळा घालणार, बिअर उडवणार, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांची होणार. रोमुलोने साहेबांना शब्द टाकून ठेवला होता. साहेब हो म्हणाले होते. कचेरीतली वरची खुर्ची मार्चमध्ये रिकामी होणार होती, हे मात्र त्याने घरात एकट्या निएवेसला सांगितलं होतं आणि तिने अर्थातच सगळ्यांना.

"साहेब स्वतः येणार आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या हातून या मातकट राखाडीवर फुलं घालायची? शोभतं का?"

या सगळ्यात फेलिसा मात्र गाडीखाली वाकली होती. आधी लालखाली, मग राखाडीखाली. रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये तिने वीत लावून बघितली. मग दुकानाच्या माणसाला, एरलानला, विचारलं, "जादाचं चाक कसं आहे?"

"राखाडीला पूर्ण आकाराचं, सेन्योरा. लालला बारीक, तात्पुरतं. दुकान गाठेपर्यंत पुरतं."

"दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर?"

एरलान हसला. त्याला ती थट्टा वाटली.

"आणि पाण्यातून गेली तर इंजिन हवा कुठून घेतं? किती वरून?"

"पाणी?" रोमुलोने मान वळवली. "एल आल्तोत कुठलं गं पाणी?"

"पावसात कोपरा तुंबतो की."

"हां, तो तुंबतो," निएवेस म्हणाली, आणि ते तिथेच राहिलं.

बाबांनी चघळणं थांबवलं. बरा डोळा त्यांनी फेलिसाकडे वळवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. तिला वाटलं, ते आता काहीतरी विचारतील. ते उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "सपाटीवर कुठलीही गाडी चांगलीच दिसते. चढावर न्या. खिंडीपर्यंत नेऊन आणू."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ऑगस्टनंतर एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"न्या की," एरलान म्हणाला. "पण खिंडीपर्यंतच हं, डोन कासिमिरो. पलीकडे उतरायची परवानगी नाही. मालकाची सक्त ताकीद आहे."

लाल रोमुलोने घेतली. शेजारी निएवेस, मागे दुकानाचा दुसरा माणूस. राखाडी फेलिसाकडे. तिच्या शेजारी बाबा, मागे एरलान आणि आत्या. आत्या पोती उतरवायला तयार नव्हती, त्यामुळे दोन पोती चुन्योही निघाले.

एल आल्तोवरून खाली शहरात उतरेपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच धावल्या. शहराच्या टोकाला विल्या फातिमाच्या पुढे चढ लागला आणि दूध वेगळं, पाणी वेगळं झालं. लाल गाडी सुसाट निघाली. दोन वळणांनंतर ती ठिपक्याएवढी दिसत होती, तिसऱ्यानंतर दिसेनाशी झाली. राखाडीने मात्र आक्रोश मांडला. फेलिसाने तिसरा गियर टाकला, गाडी दमली. दुसरा टाकला, इंजिन ओरडायला लागलं, पण वेग वाढेना. माणसांनी खच्चून भरलेली एक मिनीबस हॉर्न वाजवत पुढे गेली. तिच्यामागून दुसरी गेली.

"मी उतरून ढकलू का?" आत्याने मागून विचारलं.

"आत्या, पोती आहेत ना मागे."

"पोत्यांना नावं ठेवू नकोस. पोती बिचारी गप्प आहेत, तुझी गाडी बोंबलतेय."

एरलानला दुकानाची अब्रू सांभाळायची होती. "तिचा दोष नाही, सेन्योरा. इतक्या उंचावर हवा विरळ. लालमध्ये हवा कोंबायची सोय आहे, तोच टर्बो. हिला जी मिळेल ती हवा. हिला हीच हवा पुरत नाही. खाली नेली की बघा, हीच गाडी..." आपण नको तेच बोलतोय असं वाटून तो थांबला.

फेलिसाला हे सगळं ठाऊक होतं. कारखान्यात माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती गेले नऊ दिवस विचारत होती. खाली हवा दाट. तिथे टर्बोची गरज नाही, आणि रानात तो बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही. साधं इंजिन, उंच पोट, पूर्ण चाक. तिला राखाडीच हवी होती, आणि राखाडी इथे बाबांच्या डोळ्यांदेखत अशी धापा टाकत होती की तिची बाजू घ्यायला तोंड उरलं नव्हतं.

"ओरडू दे तिला," बाबा म्हणाले. ते काचेला कान लावून बसले होते. "आवाज स्वच्छ आहे."

ला कुंब्रेच्या खिंडीत पोचायला लालहून पाऊण तास जास्त लागला. तिथे वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. रस्त्याच्या कडेने नेहमीची कुत्री रांगेत बसली होती, ड्रायव्हर पाव टाकतात त्याची वाट बघत. ट्रक थांबत होते, मिनीबस थांबत होत्या. ड्रायव्हर खाली उतरून चाकांवर दारू ओतत होते, थोडी जमिनीवर, एखादा घोट स्वतःच्या तोंडात, आणि मग युंगासच्या उताराला लागत होते. इथून खाली उतरणारा कुणीही ही चाल्या, हा दारूचा नैवेद्य, केल्याशिवाय उतरत नाही. धरणीला, पाचामामाला, तिचा घोट आधी द्यायचा. मग रस्त्यावर पाय ठेवायचा.

रोमुलो लालला टेकून फोटो काढून घेत होता.

"या, या! आम्हाला वाटलं, तुम्ही पायीच निघालात." तो एवढा खूश होता की त्याने आत्याला हात देऊन उतरवलं. "निकाल लागला ना, बाबा? तुम्हीच म्हणालात चढावर बघा. बघितलं. लाल."

"मला आपलं पोत्यांचं..." आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

"बाबांच्या नावावर घेऊ," रोमुलोने पुढचंही उरकायला घेतलं. "सोमवार ते शुक्रवार कचेरीला मी नेईन, साहेबांचं घर वाटेवरच आहे. शनिवारी आत्याचा बाजार. रविवारी फेलिसा. सगळ्यांना न्याय."

बाबांसाठी गरम चहा आणते म्हणून फेलिसा रस्त्याकडेच्या चहावाल्या बाईकडे गेली. बाईने चहा दिला आणि न मागता दारूची चपटी बाटलीही हातात ठेवली. ज्याच्या हातात गाडीची किल्ली दिसते त्याला ती देतेच. फेलिसाने पैसे दिले. चहा बाबांना नेऊन दिला. ते त्या गारठ्यात एका दगडावर जाऊन बसले होते, पाठ सगळ्यांकडे आणि तोंड उताराकडे करून.

मग ती राखाडीकडे आली. तिने ठरवून काहीच केलं नाही, हे ती नंतर शपथेवर सांगायची. लहानपणी बाबांच्या ट्रकमध्ये ती कितीदा तरी इथे उतरली होती, बाटलीचं बूच तिनेच उघडायचं असायचं. हाताने आपलं काम केलं. पहिल्या चाकावर ओतली. दुसऱ्यावर ओतली. बाबा म्हणायचे तेच शब्द तोंडातून निघाले, "नीट उतरव, माय. नीट पोचव." तिसऱ्या चाकावर बाटली वाकडी केली आणि रोमुलोचा आवाज खिंडीत घुमला.

"फेलिसा! अगं, काय करतेयस? ती गाडी आपली नाही!"

कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

एरलान धावत आला आणि टायर बघायला लागला. "रंगावर नाही ना उडाली, सेन्योरा? गाडी दुकानाची आहे हो, मला परत द्यायचीय."

"दुकानाच्या गाडीला चाल्या!" आत्याने छातीवर क्रूस काढला, आणि दोन्हीकडे सांभाळून घ्यावं म्हणून बोट जमिनीलाही लावलं. "विकत न घेतलेल्या गाडीला! असं कधी कुणी केलंय? आता धरणीला वाटणार, गाडी तारक्यांची. नाही घेतली तर तिला फसवल्यासारखं होईल. काय हे कारटीने करून ठेवलं!"

"चुकून केलं असेल," रोमुलो म्हणाला. "एरलान, मी साहेबांशी बोलतो. काही होत नाही त्याने."

"चुकून कसं?" निएवेस म्हणाली. ती शालीत नाक खुपसून उभी होती, आणि घरातले सगळे विसरतात पण ती मुळात हुशार बाई होती. "इथे चाकावर ओततो कोण? खाली उतरणारा. आपण तर इथूनच मागे फिरणार आहोत. फेलिसा, कुणाला उतरायचंय गं?"

तोंड उघडायची वेळ आली ती अशी. फेलिसाने बाटली खाली ठेवली नाही, तिला हातात काहीतरी हवंच होतं.

"मला," ती म्हणाली. "मला कारानावीला काम मिळतंय. चवखोली काढायचीय, ती माझ्या हाताखाली. गावोगाव फिरावं लागेल. सोमवारी उत्तर द्यायचंय आणि गाडी नसेल तर काम नाही."

"किती दिवस?" रोमुलोने विचारलं.

"राहायलाच, दादा."

मग जे व्हायचं ते झालं.

"म्हणजे बाबांच्या मिनीबसच्या पैशांवर गाडी घ्यायची आणि पळायचं? इतके दिवस आमच्या ताटात जेवतेस आणि मनात हे?"

"अर्धी माझी आहे. आणि ताट माझ्या हातचं असतं."

"म्हणून ती वीत! म्हणून ते पाणी! कोपरा तुंबतो म्हणे!"

"आणि तुझ्या आईला काय शब्द दिला होतास?" आत्या पुढे सरसावली. पोती, डिकी, सगळं विसरून ती एका क्षणात लालच्या बाजूला जाऊन उभी राहिली, अक्षरशः, लालच्या दाराला टेकून. "बाबांजवळ राहीन म्हणाली होतीस. मी ऐकलंय, या कानांनी. नकोच ती राखाडी. लालच घ्या, तिला खाली जाताच येणार नाही."

फेलिसाने शब्द दिला होता हे खरं होतं. नऊ दिवस तिला त्याच शब्दाने खाल्लं होतं.

"डोळ्यांत दिवसातून चारदा औषध घालावं लागतं," रोमुलोने निर्णायक बाण काढला. "ते कोण घालणार? निएवेस?"

त्याला वाटलं होतं, बायको साथ देईल. निएवेसने शाल नाकावरून खाली घेतली.

"घालीन की."

"काय?"

"घालीन म्हटलं. सहा वर्षं वरच्या मजल्यावर राहतेय, मला कधी कुणी विचारलंय? सासऱ्यांना सूप नेलं तर फेलिसा दारातूनच परत पाठवते, 'मी केलंय गं वहिनी, राहू दे' म्हणून. जणू मी परकी." ती फेलिसाकडे वळली, आणि तिचे डोळे भरले होते, वाऱ्याने की कशाने ते कळेना. "तू खालचं दार अडवून बसली होतीस. आता जातेयस तर जा. पण औषध किती थेंब ते लिहून दे."

"निएवेस! साहेबांचं काय?"

"साहेबांना म्हणावं, फुलं आपल्या टोपीवर घाला."

आत्याला एवढं हसू आलं की तिने ते खोकल्यात दडवलं. पण हसून प्रश्न सुटला नव्हता, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बाबा दगडावरून उठून आले होते. चहाचा रिकामा पेला त्यांनी एरलानच्या हातात दिला.

"चारही चाकांवर ओतलीस?"

"तीनच, बाबा."

"मग चौथं कोरडं का ठेवलंस?"

तिने चौथ्यावर ओतली. घाईत निम्मी तिच्या बुटावर सांडली. बाबांनी दार चाचपून उघडलं आणि पुढच्या सीटवर बसले. "चल. ओतून झाल्यावर माघारी फिरत नसतात."

"डोन कासिमिरो, खिंडीपर्यंतच ठरलं होतं," एरलान काकुळतीला आला.

"मग तू थांब इथेच. कुत्र्यांना सोबत होईल."

एरलान धावत मागच्या सीटवर जाऊन बसला, पेल्यासकट. आत्या लालपाशीच राहिली, तिची पोती मात्र निघाली.

पहिल्या वळणावर बाबा म्हणाले, "दुसऱ्यात ठेव. ब्रेकवर बसू नकोस, इंजिनाला धरू दे." तिने दुसऱ्यात ठेवलं. गाडीने उतार धरला, घसरली नाही, पुढे पळाली नाही. धुकं आलं आणि गेलं. दगडांच्या जागी गवत आलं, गवताच्या जागी झुडपं. एका छोट्या चढावर तिने गियर बदलला आणि चकित झाली. मघाशी बोंबलणारी हीच का ती? आवाज जाड झाला होता, पाय ठेवला की गाडी पुढे झेपावत होती.

"आला श्वास," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"तू गाडीखाली वाकलीस तेव्हा. शहरात राहणारं माणूस आकाश बघतं, आपली निएवेस बघते तसं. खालचं बघतो तो कच्च्या रस्त्याला जाणारा. मी बारा वर्षं खालचंच बघितलं."

"मी सांगणार होते."

"नव्हतीस. सोमवारी नाही म्हणून कळवणार होतीस आणि जन्मभर मला चहा देताना हळहळणार होतीस."

तिने पुढचं वळण घेतलं.

"एक सांगतो, ते नीट ऐक," बाबा म्हणाले. रस्ता त्यांना दिसत नव्हता, तरी ते समोरच बघत होते. "मला करमणार नाही. पास्तोरा तुला फोन करून सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो. तुझ्याशिवाय मला अजिबात करमणार नाही, फेलिसा. निएवेस औषध घालेल, सूप देईल, चांगली पोर आहे. पण संध्याकाळी सहाला फाटक वाजलं की मला वाटणार तू आलीस. रोज वाटणार."

"मग मी नाही जात."

"मग मागे वळव. लाल घे. वर ती फार छान चढते."

रस्ता वळत राहिला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पांढरं धुकं आणि त्याखाली केवढी तरी दरी. दोनदा गाडी वळवता येईल अशी रुंद जागा आली. पहिल्या जागी तिने वेग कमी केला, पण वळवली नाही. मागे एरलान श्वास रोखून बसला होता. तिला आई आठवली. शब्द आठवला. मग कारखान्यातलं ते लांब टेबल आठवलं, ज्यापाशी ती चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पोत्यांना चांगलं-वाईट म्हणत उभी राहिली होती. दुसरी रुंद जागाही मागे गेली.

"नाही," ती म्हणाली. "राखाडीच घ्यायची, बाबा. मी जाणार."

बाबांनी होकाराची मान हलवली. एकदाच. मग मागे न बघता विचारलं, "एरलान, कागद कुणाच्या नावावर करायचे ठाऊक आहे?"

"तुमच्या नावावर ना, डोन कासिमिरो? सेन्योर रोमुलो म्हणाले..."

"माझ्या नाही. हिच्या. हिच्या एकटीच्या. लिहून घे, नाहीतर सोमवारी विसरशील."

एरलानला कागद सापडेना, त्याने हाताच्या पंजावरच पेनाने लिहायला घेतलं. फेलिसा तारकी. आणि फेलिसाला पुढचं दिसेना. काच पुसायला तिने वायपर चालू केले, काच कोरडी होती. नऊ दिवसांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं, आणि ती गाडी चालवता चालवता हुंदके देऊन रडायला लागली.

बाबांनी हात लांब करून तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"रड पोरी, रड. पण आधी गाडी बाजूला घे."